नावाशिवाय सगळं

पैसे देणाऱ्यांना आमच्या ऑफिसात देणगीदार म्हणायचं नाही, असा दंडक होता. 'आंतरराष्ट्रीय भागीदार' म्हणायचं. बेटांच्या एका छोट्या देशातली न्यायव्यवस्था सुधारायची आणि तिथली लाचखोरी मोडून काढायची, असं या भागीदारांनी ठरवलं होतं. ते थोर कार्य सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, एसीत स्वेटर घालून चालायचं. मुख्य सल्लागार बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत राहायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात हे गृहस्थ आयुष्यात कधी तासभर ताटकळले नसतील, पण 'जनतेचा विश्वास' हे शब्द मात्र लोणच्याची फोड घोळवावी तसे तोंडात घोळवायचे.

मी त्यांच्यासाठी तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म बनवला होता. कोर्टात कुणी लाच खात असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांनी नाव न देता कळवायचं, एवढंच. नाव आम्ही विचारतच नव्हतो. पण भागीदारांना अहवालात वर्गवारी लागते. वर्गवारीशिवाय त्यांना घास गिळवत नाही. म्हणून तीन रकाने सक्तीचे केले: जिल्हा, हुद्दा, स्त्री की पुरुष.

तिथले काही कर्मचारी आठवडाभर प्रशिक्षणासाठी सिंगापूरला आणले होते. त्यांच्यात चाळिशीची एक लघुलेखिका होती. फॉर्म पडद्यावर आला तसा तिने हात वर केला. "आमच्या जिल्ह्यात लघुलेखक दोनच. त्यात बाई मी एकटी. मग नाव तरी कशाला वगळलंत?"

सगळे हसले. सल्लागारही हसले, फार चांगला मुद्दा आहे म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

ते रकाने काढूया, असा ईमेल मी त्याच दुपारी त्यांना केला. उत्तर आलं, 'नोटेड विथ थँक्स.' सिंगापुरात चार वर्षं नोकरी केलेल्या कुणालाही याचा अर्थ कळतो. वाचलं, विषय संपला, पुन्हा विचारू नका. रकाने काढायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. पण माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. मी शेपूट घातली.

दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये ती लघुलेखिका माझ्यासमोर बसून जेवली. तिच्या कोर्टातला प्रबंधक हात ओले झाल्याशिवाय कुठलीही फाइल पुढे सरकवत नव्हता, आणि ती हे कितीतरी वर्षं बघत होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली. घरी बघणारं दुसरं कुणी नाही.

"मॅडम, माझी बदली झाली तर आईचं काय? खरं सांगा, मी फॉर्म भरला तर कुणाला कळेल का?"

"अहवालात फक्त आकडे असतात," मी म्हटलं. "बिनधास्त भरा."

इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच खरं वाटलं.

तिने परत गेल्यावर भरला. आमचा अहवाल शिष्टाचार म्हणून आधी तिथल्या कोर्ट प्रशासनाला पाठवायचा रिवाज होता. त्यात सुबक तक्ता होता: तिचा जिल्हा, लघुलेखक, स्त्री, एक. आठवड्यात तिची बदली झाली, बोटीने दीड दिवस लागतो अशा बेटावर. आईला शेजारणीच्या हवाली करून ती गेली.

इकडे मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. पहिली तक्रार आली! लोक व्यवस्थेवर विश्वास ठेवू लागले! मी बदलीचं सांगितलं. सल्लागारांनी चेहरा पुरेसा लांब केला, दुर्दैवी आहे म्हणाले, पण या दोन गोष्टींचा संबंध सिद्ध करता येणार नाही. मग तक्रारदारांच्या संरक्षणावर एक कार्यशाळा घ्यावी असं ठरलं. कुठे, तर इथेच, हॉटेलात. मला त्या माणसाची किळस आली. त्याच्या शेजारी बसून मी मिनिट्स लिहीत होते, हेही सांगायला हवं.

सेम्बावांगला घरी आले तर नवरा म्हणाला, "अगं, तू फक्त फॉर्म केलास ना?"

"हो ना. भागीदारांनी फक्त निधी दिला, सल्लागारांनी फक्त अहवाल पाठवला, मी फक्त फॉर्म केला. बदली तिची आपोआप झाली!"

मुलीने टॅबवरून मान वर करून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "हू डाइड लाह?"

पुढच्या शनिवारी त्या लघुलेखिकेचा मेसेज आला. एका शब्दाचीही तक्रार नव्हती. जुन्या कोर्टातले दोघे तिला विचारत होते, फॉर्म भरावा का. 'तुम्ही सांगाल तसं त्यांना कळवते,' असं तिने लिहिलं होतं.

मी लिहिलं, 'भरू नका म्हणावं. माणूस ओळखता येतो.'

लगेच उत्तर आलं. 'मग मला का नाही सांगितलंत?'