सीमेवर कापलेली नदी

बसवनगुडीतल्या आमच्या ऑफिसात नकाशे तयार होतात, आणि नदी असो की डोंगर, देशाच्या सीमेवर कापायचा हा तिथला नियम. त्यामुळे भूतानच्या डोंगरातून उतरणारी एक लहानशी नदी माझ्या नकाशात थेट सीमारेषेवरच उगवली. तिच्या वर कोरा कागद. काम सफाईदार झालं म्हणून साहेबांनी पाठही थोपटली होती.

पुढं त्याच नदीवर, सीमेच्या जरा खाली, पुलाचं काम निघालं आणि माझा धाकटा भाऊ तिथं इंजिनियर म्हणून गेला. त्याच्या तंबूत माझाच नकाशा टांगलेला होता.

एका रविवारी चामराजपेटच्या घरी त्याचा फोन आला. "अक्का, नदी आटली बघ. स्वल्प पाणी उरलंय. आता पात्रातच तंबू ठोकलेत."

"पाऊस थांबला?"

"कुठला थांबतोय. वर डोंगरात रोज कोसळतोय."

"मग आडात आहे ते पोहऱ्यात का नाही?" मी विचारलं. तो हसला. मला मात्र जेवण गेलं नाही.

सोमवारी ऑफिसात मी उपग्रहाचं न कापलेलं छायाचित्र उघडलं. रेषेपलीकडे डोंगराची एक कूस सोलून निघाली होती. दरड नदीत आडवी पडली होती आणि तिच्यामागं मातकट पाणी तुंबलं होतं. मी लगेच भावाला फोन लावला.

"नकाशात तर वर काहीच नाही," तो फोनवर म्हणाला.

"नकाशा माझा आहे, मीच सांगते. माणसं घे आणि वर चढ."

"सरी अक्का, चढतो."

ते रस्त्यावर चढले. पण पाणी आलं नाही. बेंगळुरात बसून नदी बघणारी ही कोण, असं त्याच्या साहेबांनी विचारलं आणि सगळ्यांना पुन्हा खाली उतरवलं. मी भांडले, तिकडच्या कचेऱ्यांना फोन केले. कोणी दाद दिली नाही. आई बनशंकरीला नवस बोलली. मी रोज छायाचित्र उघडायची, तर नुसते ढग.

एका दुपारी त्याचा फोन आला. "अक्का, तुझं तळं कुठं अडकलं?" तो चिडवत होता. मला राग आला, भीतीही वाटली. त्याच्या आवाजामागं सारखी घरघर चालली होती.

"आधी ती लॉरी बंद करायला सांग, काही ऐकू येत नाही," मी म्हटलं.

तो तंबूबाहेर आला असावा; घरघर वाढली.

"पात्रात लॉरी उतरत नाही, अक्का."