डोक्यावरून गेलेल्या दोऱ्या

काल सकाळी मालवणात माझी बहीण कमरेभर पाण्यात उभी होती. पतंगाने ओढलेल्या फळीवर उभा राहून एक माणूस सुसाट आला आणि तिला जवळजवळ घासूनच गेला. पतंगाच्या ताणलेल्या दोऱ्या तिच्या डोक्यावरून सपकन गेल्या. ती दचकून पडली, नाकातोंडात पाणी गेलं.

"काकी, बाजूला व्हा की!" तो हसत ओरडला.

किळस आली मला त्या हसण्याची. एवढा समुद्र मोकळा पडलेला, पण याला माणसांतच घुसायचं होतं, कारण बघणारे इथेच होते.

शेजारीच कोळी रापणीचं जाळं किनाऱ्याकडे ओढत होते, आणि त्याचे दोर पाण्यातल्या माणसांच्या अगदी जवळ सरकत होते. बहीण पडलेली बघून त्यांचे म्होरके, म्हातारे तांडेल, ओरडले, "थांबा! आधी माणसां भायर येवंदेत."

जाळ्यातून मासळी उसळून निसटत होती. दोर हातात धरून सगळे थांबून राहिले.