रामवाडीचा आखणीवाला

पेण पोलीस ठाण्यात असतानाची एक मिसिंगची केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. गणपतीचा हंगाम तोंडावर आला होता. रामवाडीतला एक मूर्ती कारखानदार सकाळीच ठाण्यात येऊन ओरडू लागला. मूर्तींचे डोळे आखणारा त्याचा कारागीर, विशीतला पोरगा, गायब होता. "साहेब, दुसऱ्या कारखान्यानं पळवलाय त्याला!" मुलाचा बाप मागे उभा होता.

ऐन हंगामात कारागिरांची पळवापळवी चालतेच. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली आणि मी कारखान्यात गेलो. मालकाने मूर्ती दाखवल्या. "हे बघा, जाताना काय घाण करून ठेवलीय! अंगाला रंग नाय, अन् डोळे आखून मोकळा!"

डोळे सगळ्यात शेवटी आखतात, हे पेणचं शेंबडं पोरही सांगेल. इथे मात्र एकाही मूर्तीचे डोळे बाकी नव्हते. पोराने आपल्या वाटचं सगळं काम उरकून ठेवलं होतं. पळून दुसरीकडे जाणारा माणूस जुन्या मालकाची एवढी काळजी करतो होय? ही तर निरवानिरव वाटत होती.

बापाला बाजूला घेतलं. "आजारी होता का?"

"नाय."

आवाज चढवल्यावर तो रडायलाच लागला. "मन उदास राहतं म्हणून डॉक्टरनं नुकत्याच गोळ्या दिल्यात. लोकांना पित्ताच्या सांगतो. पण सुधारत होता हो! आधी नुसता पडून असायचा, आता घरभर फेऱ्या मारतो."

मुलाची बहीण रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली. रोहा ठाण्याला बिनतारी संदेश लावला आणि जीप काढली. मी पोचेपर्यंत तिथल्या हवालदाराला तो बहिणीच्या परसात सापडला होता. तिला लांबूनच बघून तो जाणार होता.

आडून आडून विचारणं मला कधी जमलं नाही. शेजारी बसून विचारलं, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का?"

"अहो, असं काय विचारता!" बहीण कळवळली.

पोर ढसाढसा रडलं. "व्हय साहेब. गोळी चालू झाल्यापासून नुसती तगमग हाय. झोप नाय, भलतेच विचार येतात. बाबा एवढे खूश, त्यांना कसं सांगू?"

तसंच त्याला पेणला, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं आणि बापालाही बोलावून घेतलं. बाप गोळ्या फेकायला निघाला, डॉक्टरांनी अडवलं. हे औषध पुष्कळांना तारतं, ते म्हणाले. पण सुरुवातीला किंवा मात्रा बदलताना काही तरुणांत असे विचार उसळतात. तेव्हा लगेच कळवायचं, जवळ माणूस ठेवायचं, आपल्या मनाने बंद करायचं नाही. त्यांनी औषध बदलून दिलं आणि बहिणीने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं.

भल्याभल्यांना मी बोलतं केलं. त्या अनुभवावर ठामपणे सांगतो, असं सरळ विचारल्याने मनात नसलेलं काही भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो.

काही आठवड्यांनी अष्टमीला गेलो, तर बाप लेकाजवळ ओटीवर बसलेला. माझ्यादेखत त्याने विचारलं, "काय रे, आज आला का तो विचार?"

"आला होता सकाळी," पोरगा माझ्यासाठी चहा ओतत म्हणाला. "ताईला सांगितला. गेला."