चर्चच्या अंगणात मांडलेली चूल

भामरागडकडचं आमचं गाव सोडलं तेव्हा नदीचं पाणी ओसरीला लागलं होतं. डोंगेवाला दाराशी येऊन ओरडत होता आणि आई आत जाऊन चुलीवर टोपलं उपडं घालत होती. "ओली होईन ना व," म्हणाली. जणू पाणी टोपल्याला विचारून आत येणार होतं! बाबा आधीच वारले होते, घरात आम्ही दोघीच. डोंग्यात बसल्यावरही ती "पानी उतरलं का वापस येऊ" हेच घोकत होती. मातीचं घर मागच्या मागे बसलं, ते आम्हाला नंतर कळलं.

आम्हाला नेलं ते अहेरीकडच्या एका लहानशा गावात. गाव एवढंसं, पण चर्च तीन, आणि एरवी तिघांचा छत्तीसचा आकडा. त्या पावसाळ्यात मात्र कॅथोलिकांनी हॉल उघडला, मिशनवाल्यांनी तांदूळ दिले आणि टिनाच्या शेडातल्या प्रार्थनाघरवाल्यांनी सरपण. शिजवून मात्र कोणी देत नसे. मिशनच्या एस्तरबाईंचा तो नियमच होता. "आयतं खाल्लं का मानूस खचते," त्या म्हणत. ज्याने त्याने अंगणात आपली चूल मांडायची. संध्याकाळी सगळं अंगण धुराने भरून जाई.

आईने चूल मांडली नाही. वाट्याचे तांदूळ ती शेजारणीच्या चुलीवरच्या गंजात टाकायची आणि बदल्यात तिची भांडी घासायची. चर्चच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. एक दिवस एस्तरबाई तडक येऊन उभ्या राहिल्या. "बाई, आमच्या चर्चच्या अंगनात चूल मांडली तं तुमाले इटाळ होते का?"

"इटाळ कायचा व बाई," आई म्हणाली. "चूल मांडली म्हंजे घर मांडलं. माह्यं घर तिकडं हाये."

एस्तरबाई तिच्याजवळ खालीच बसल्या. त्यांचा राग गेला, पण माझा जीव टांगणीला लागला. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत आणि इथे हायस्कूल रस्त्यापलीकडे. मला शिकायचं होतं. मी तोंडाने कधी बोलले नाही, पण शाळेची घंटा झाली की फाटकाशी जाऊन उभी राहायची. ते आईला दिसत होतंच.

रस्ता मोकळा झाला तशी माणसं परत निघाली. जे राहतील त्यांना मिशनच्या मागच्या खोल्या देऊ असं तिन्ही चर्चनी मिळून ठरवलं. जीप भरली. चुलतकाका हाका मारत होते, "चाल ना व वहिनी, काऊन थांबून राह्यली?" आई जीपपर्यंत गेली, दांडीला हात लावला, आणि माझ्याकडे न बघता माघारी आली. नाल्यावरून माती आणली, भाताचं तणीस मिसळून मळली आणि अंगणात चूल घालायला बसली. एस्तरबाई पाणी ओतत होत्या. बायका खूश झाल्या, कोणी तर देवाचे आभारही मानले. मीही खूश होते, कशाला खोटं बोलू? पण आईच्या तोंडाचा रंग पार उतरला होता. त्या चुलीवरचा पहिला भात तिने मला वाढला, स्वतः खाल्ला नाही.

आता मी पुण्यात नर्स आहे. फ्लॅट आहे, मॉड्युलर किचन आहे, वर धूर ओढायला चिमणी आहे. आई अजून मिशनच्या त्याच खोलीत राहते. पावसाळ्यात नवी माणसं आली की त्यांना सरपण काढून देते. दर वेळी आमचं वाजतं. मी म्हणते, "चाल माह्यासंगं, चर्चच्या खोलीत किती दिवस राहशीन? लोक मले काय म्हनतीन?"

गेल्या खेपेला ती शांतपणे म्हणाली, "एक चूल सोडली तुह्यासाठी. आता दुसरी नाई सोडत."

तुम्ही जे त्या जीपने परतलात, तुमचं घर कुठे हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यासारखे जे दूर गेलात, तुम्हाला विचारते, तुमचं ठरलं का? माझ्या शिकण्यासाठी तिने घर सोडलं आणि शिकले म्हणून मी तिला सोडून आले. पुण्यातल्या जागेला मी घर म्हणते, पण आईने तिथे पाय ठेवलेला नाही. सुट्टीत तिच्याकडे जाते तेव्हा मी मदतीला उठले की ती हात धरून मला खाली बसवते. "बस व, थकून आली," म्हणते आणि पाहुणीला वाढावं तसं आग्रह करकरून वाढते.