पान एकसष्टवरची बायको

दीपमालाला पुस्तक आवडलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नसे. त्यासाठी पुस्तकात खोचलेल्या टॅगचा रंग पाहावा लागे.

चाकणच्या एका कंपनीत ती तपासणीला होती. गाडीच्या पोटात वायरींच्या ज्या जुड्या असतात, त्या तिच्या टेबलावरून पुढे जात. जुडी ठीक असली तर हिरवा टॅग, दुरुस्त होण्यासारखी असली तर पिवळा, कामातून गेलेली असली तर लाल. छपाईत वाकडे झालेले टॅग कंपनी टाकून देई, ते दीपमाला सुपरवायझरला विचारून घरी आणी, पुस्तकात खूण म्हणून ठेवायला. सुरुवात एवढीच होती. पण टॅगवर ‘पार्टचं नाव’, ‘दोष’, ‘शेरा’, ‘तपासणारे’ अशा रेघा छापलेल्या असल्या आणि हाताशी पेन असलं, की दहा वर्षं तपासणी केलेल्या बाईला त्या रेघा रिकाम्या बघवत नाहीत.

तिची वाचायची जागा म्हणजे कंपनीची बस. पावणेसातला ती दापोडीहून निघे आणि मोशीला अडके. बस अडकली की बाकीच्या बाया घड्याळं बघून हळहळत, दीपमाला पान उलटी. थंडीच्या दिवसांत इंद्रायणीवरून धुकं उठून रस्त्यावर येई. त्या धुक्यातून नव्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रेलर सावकाश सरकत, कापडं पांघरलेल्या जनावरांचा तांडा पाणी शोधत निघावा तसे. लांबवर बांधकामावरच्या क्रेन माना उंचावून उभ्या असत. हातातल्या कादंबरीतलं जादूचं राज्य कुठे संपलं आणि एमआयडीसी कुठे सुरू झाली, हे तिला पुष्कळदा गेटवर कार्ड पंच करताना कळे.

शेजारच्या सीटवर तनुजा असायची. ती स्वतः एक ओळ वाचत नसे, पण दीपमालाने वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची बातमी तिला लागे. एका कादंबरीत आख्खं नगर ढगावर वसलेलं होतं. सोन्याचे मनोरे, हवेत तरंगणारे जिने, पंखांच्या घोड्यांची पागा. दीपमालाने त्या कादंबरीला पिवळा टॅग दिला होता. दोषाच्या रेघेवर लिहिलं होतं, ‘चारशे पानांत कुणीही पाणी भरत नाही.’ ढगावर राहूनही पाणी एक दिवसाआड येत असणार, अशी तिची खात्री होती, आणि लेखकाने ते लपवलं असा तिला संशय होता. दुसऱ्या कादंबरीतल्या जादूगाराची काठी एकदाही बंद पडली नाही, म्हणून तोही पिवळ्यात गेला. आग ओकणाऱ्या म्हाताऱ्या अजगराची एक कादंबरी मात्र हिरवी होती. त्या अजगराचे गुडघे दुखत. तो पहाटे उठून आधी स्वतःच्याच आगीवर गुडघे शेकून घेई. दीपमालाने शेरा लिहिला होता, ‘असाच असणार.’

आत्मचरित्रांच्या बाबतीत ती याहून कडक होती. कादंबरीवाला बिचारा पहिल्या पानावरच कबूल करतो की मी खोटं सांगतोय. आत्मचरित्रवाल्याला तपासून घ्यावं लागतं, असं तिचं मत. एका मोठ्या साहेबांचं आठशे पानांचं आत्मचरित्र तिने नेटाने वाचून काढलं. आठशे पानांत साहेब एकदाही चुकले नव्हते. असं कामकाज आपल्याकडे फक्त ऑडिटच्या दिवशी दिसतं, असं ती तनुजाला म्हणाली आणि लाल टॅग काढला.

“तू माझ्यावरचं पुस्तक कधी वाचलंस तर काय लावशील?” तनुजाने विचारलं.

“तुझी तपासणी अजून चालूय,” दीपमाला म्हणाली.

पुस्तक परत करताना ती टॅग आठवणीने काढून घेई. घरी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ते रंगवार लावलेले होते. नवरा कुलदीप पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपला होता. डब्यातले टॅग वाचून तो खूश होई आणि पुस्तक वाचायची गरज उरली नाही म्हणे.

नोव्हेंबरात तिने दापोडीच्या वाचनालयातून एक पातळसं पुस्तक आणलं. ‘लेथवरची छत्तीस वर्षे’, लेखक लक्ष्मणराव, पत्ता फुगेवाडीचा, स्वतःच छापलेलं. हा माणूस पिंपरीच्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातणारा, होता. दीपमालाला पुस्तक पहिल्या पानापासून आवडलं. लोखंड तासताना निघणाऱ्या वळशांचा रंग कसा पालटतो, गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा, यावर त्याने तीन पानं लिहिली होती, आणि ती वाचताना बस चाकणला कधी पोचली ते तिला समजलं नव्हतं. चुकाही त्याने मोजून लिहिल्या होत्या. एकदा मोठा शाफ्ट दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त कापला गेला, तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. हिरवा टॅग जवळजवळ नक्की होता. मग पान एकसष्टवर एक बाई आली, चहा ठेवला आणि गेली. दीपमाला पुढची एकशेदहा पानं तिची वाट बघत राहिली. बाई परत आली नाही. दीपमालाने टॅग भरला: ‘पार्ट: लेथवरची छत्तीस वर्षे. दोष: बायको पान ६१ वर चहा ठेवून जाते, पुढे कुठे आहे माहीत नाही. शेरा: रिवर्क. तपासणारे: दीपमाला.’

त्याच सकाळी मोशीचा रस्ता कधी नव्हे तो मोकळा मिळाला. तिचा डोळा लागला होता. स्वप्नात तो गुडघेदुख्या अजगर लेथवर बसून आपलीच नखं तासत होता आणि नखांचे निळे वळसे धुक्यात तरंगत होते. तनुजाने हलवून उठवलं, तशी ती पुस्तक पिशवीत कोंबून उतरली, आणि संध्याकाळी तसंच ते वाचनालयात देऊन आली. टॅग आतच राहिला.

दोन आठवड्यांनी ती पुस्तक बदलायला गेली, तेव्हा ग्रंथपाल विजयश्रीने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग सांगितलं ते असं. लक्ष्मणराव दर सोमवारी वाचनालयात येत. काही बोलत नसत. कपाटापाशी जाऊन आपलं पुस्तक कुणी नेलंय का, एवढं बघत आणि जात. आठ महिने ते तिथेच होतं. दीपमालाने ते नेलं, त्या सोमवारी कपाटात फट दिसली, तेव्हा लक्ष्मणरावांनी बाहेर जाऊन पेढे आणले होते. विजयश्रीला, शिपायाला आणि पेपर वाचत बसलेल्या दोन अनोळखी म्हाताऱ्यांना. पुढच्या सोमवारी पुस्तक परत आलेलं बघून त्यांनी ते उघडलं. आतला पिवळा टॅग वाचला. अर्धा तास टेबलाशी बसून राहिले. मग पुस्तक परत घेतो म्हणाले आणि घेऊन गेले.

“त्यानंतर आलेले नाहीत,” विजयश्री म्हणाली. “हा सोमवारही गेला.”

दीपमालाने त्या दिवशी पुस्तक नेलं नाही. एका माणसाने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, ते आठ महिन्यांत एकाच माणसाने वाचलं, आणि त्या एका वाचणाऱ्याने ते बंद पाडलं. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसू लागली. धुकं तेच होतं, पण आता त्यात नुसतेच ट्रेलर दिसत. तनुजा म्हणाली की इतकं मनाला लावून घेऊ नकोस, दोष होता तो लिहिलास. दीपमालाचं म्हणणं, दोष लिहायचा पगार कंपनी देते, त्या म्हाताऱ्याने कुठे तपासायला सांगितलं होतं? ते पुस्तक कपाटात परत येईपर्यंत आपल्याला दुसरं वाचवणार नाही, एवढं तिला कळून चुकलं.

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. दुपारी तीनच्या सुमाराला ती पत्ता विचारत फुगेवाडीत गेली. दार लक्ष्मणरावांनीच उघडलं. उंच, वाळके, पांढरा सदरा, खिशाला पेन आणि मोजायची स्टीलची पट्टी. तिने नाव सांगितलं. ते दोन पावलं मागे सरले आणि सरळ उभे राहिले, सुपरवायझर आल्यावर मशीनवरचा माणूस उभा राहतो तसे.

“इन्स्पेक्शन घरी आलं व्हय,” ते म्हणाले. “या, बसा मॅडम.”

“काका, मॅडम नका म्हणू. मी माफी मागायला आले. तुमचं पुस्तक मला लई आवडलंय.”

ते ऐकत नव्हतेच. ते तिला आतल्या टेबलाकडे नेत होते.  टेबलावरचं पुस्तक उसवलेलं होतं. शिवण काढून पानं सुटी केली होती, गठ्ठ्यांवर गठ्ठे, आणि पान एकसष्टनंतर एक कोरी वही उघडी ठेवलेली. तिला वाटलं, रागाने फाडलं. पण लक्ष्मणरावांनी समजावून सांगितलं, तिने लाल टॅग लावला असता तर त्यांनी भांडण काढलं असतं. पिवळा लावला म्हणजे माल सुधारण्यासारखा आहे, आणि पिवळा टॅग लागलेला माल ज्याने बनवला त्याच्याच मशीनवर परत येतो, हा नियम त्यांनी छत्तीस वर्षं पाळला होता. कारखान्याने कधी रिवर्क परत पाठवलं तर त्यांनी सबब सांगितली नव्हती. उघडल्याशिवाय रिवर्क होणार कसं?

“धा दिवस झाले,” ते म्हणाले आणि कोऱ्या वहीवर हात फिरवला. “येक ओळ उतरत न्हाई. मी मशीनपुढं होतो. हिकडं घरात काय चाललं हुतं, त्याचं ड्रॉइंगच माझ्याकडं न्हाई.”

तेवढ्यात आतून केसरबाई आल्या, पान एकसष्टवरच्या. ठेंगण्या, गोऱ्या, पदर खोचलेल्या. त्यांनी चहा ठेवला आणि वळल्या. दीपमालाने चटकन त्यांचा हात धरला आणि शेजारी बसवून घेतलं. लक्ष्मणराव तक्रारीच्या सुरात म्हणाले की दहा दिवस विचारतोय, तू काय केलंस ते सांग, तर ही म्हणते भांडी घासली.

“मग काय सांगू?” केसरबाई म्हणाल्या. “घासलीच की.”

दीपमालाने विचारलं, काका दुसऱ्या पाळीला गेले की दुपार केवढी मोठी होत असेल. मुलं लहान, माणूस रात्री येणार, मग तुम्ही काय करायचा? केसरबाई नवऱ्याकडे न बघता, टेबलाची कड बोटाने पुसत, सांगू लागल्या. दुपारी दोन्ही पोरांना घेऊन त्या दापोडीच्या रेल्वे पुलावर जात. मालगाडी आली की एकेक डबा वाटून घ्यायचा. कुठल्या डब्यात काय, ते केसरबाई सांगत. एका डब्यात नुसतं ऊन भरलेलं. एकात थंडी, म्हणून त्याचं दार घट्ट बंद. एका डब्यात न झालेले वाढदिवस. सगळी गाडी एकाच गावाला जाई. गावाचं नाव चांदवणी. तिथे भोंगा होत नसे. माणसं झोप पुरी झाली की उठत, आणि ज्याचा बाप घरी असेल त्याच्या दारावर कंदील लावायची चाल होती. पोरांनी काही विचारलं की चांदवणीत नवीन काहीतरी घडे, त्यामुळे दहा-बारा वर्षांत ते गाव बरंच वाढलं. थोरल्याने एकदा तिथे शाळा काढली आणि धाकट्याने लगेच तिला सुट्टी दिली.

 लक्ष्मणरावांच्या चहावर साय धरली.

“पोरांना म्हाईत हाय हे?” त्यांनी शेवटी विचारलं.

“त्यास्नी वाटतं, तुमास्नी बी म्हाईत हाय.”

लक्ष्मणरावांनी खिशातली पट्टी काढली, टेबलावर ठेवली, परत खिशात घातली. मग दीपमालाकडे वळून त्यांनी अगदी रीतसर अडचण मांडली. त्यांचं पुस्तक आत्मचरित्र होतं. त्यात एकही माप अंदाजाने दिलेलं नव्हतं. शाफ्ट दोन सूत जास्त कापला तर दोनच सूत लिहिलं होतं. आता त्यात हे नसलेलं गाव घालायचं, तर पुस्तक खरं राहील का?

दीपमालाने आजवर सगळी पुस्तकं बसच्या खिडकीशी बसून तपासली होती. समोर लेखक बसलाय, त्याने वही उघडी ठेवलीय आणि तो आपल्या उत्तरासाठी थांबलाय, असं कधी झालं नव्हतं. तिला ढगावरचं नगर आठवलं, मोठे साहेब आठवले, पण त्यांचा इथे काही उपयोग नव्हता. ती केसरबाईंच्या बोटाकडे बघत होती. ते अजून टेबलाची कड पुसत होतं.

“काका, चांदवणी नसंल,” ती म्हणाली. “पण दहा-बारा वर्षं ही तीन माणसं रोज दुपारी तिथंच होती. तुम्ही कारखान्यात होता हे जितकं खरं, तितकंच हे. मला तरी हे गाळलेलं चालणार नाही.”

लक्ष्मणरावांनी मान हलवली. पेनाचं टोपण काढलं, वहीच्या वरच्या कडेला तारीख घातली आणि लिहायला लागले. अक्षर मोठं, टपोरं, एकेक कातून काढल्यासारखं. तोंडाने ते हळू म्हणत होते, पुलावरून मालगाडी दिसायची... डबे बंद असायचे... गाडी नदीवरच्या पुलावरून चांदवणीत शिरायची...

“पूल न्हाई तिथं,” केसरबाई म्हणाल्या.

ते थांबले. “मग गाडी नदी वलांडती कशी?”

“नावंतनं. येकेक डबा नावंत घालून पल्याड न्यायचा.”

एरवी त्यांनी भाराचा हिशेब विचारला असता. त्यांनी ओळ खोडली आणि नवी लिहिली. मग विचारलं, नाव केवढी, तिला वल्ही किती. केसरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. दुपार कलली होती, आणि कुठेतरी रुळांवरून काहीतरी जड आणि लांब सावकाश चाललं होतं. त्या घाई करत नव्हत्या, कदाचित त्या वल्ही मोजत होत्या. दीपमालाने कुणाला न विचारता तिघांचा गार झालेला चहा उचलला आणि गरम करायला आत नेला. लक्ष्मणराव पेन उचलून धरून, बायकोच्या तोंडाकडे बघत, थांबले होते.