शोषखड्ड्यातला बेडूक

शोषखड्ड्यात बेडूक दिसला, तेव्हाच मी ओळखलं की आपलं काहीतरी चुकलंय. शोषखड्डा म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरावं म्हणून खणलेला, दगडगोट्यांनी भरलेला खड्डा. त्यात बेडूक मजेत बसला असेल, तर पाणी जिरत नाही, साठतंय. बेडकाला विज्ञान कळत नाही, पण ओल बरोबर कळते.

"बाई, डास लय झाल्यात," पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या. "दुपारी पोरं भात खात्यात अन् डास मला खात्यात."

मुख्याध्यापक सर मागेच उभे होते. "बुजवून टाका. शुक्रवारी हरित शाळा स्पर्धेची समिती येतेय. त्यांना डबकं दाखवायचं का?"

"सर, सातवीचा प्रकल्प आहे तो."

"प्रकल्पाचे फोटो काढलेत ना? मग झालं."

आमची शाळा पवनानगरच्या पुढे, धरणाच्या अंगाला. दुपारी जेवण झालं की मुलं नळावर ताटं धुतात. ते पाणी पटांगणातून वाट काढत गेटपाशी जायचं आणि तिथे कायमचा चिखल. आम्ही सगळेच त्यावरून उडी मारून शाळेत यायचो, आणि आत येऊन 'पर्यावरण वाचवा' हा तक्ता थर्माकोलवर चिकटवायचो. या वर्षी सातवीतल्या सानिकाने विचारलं, "बाई, तक्त्यापरास ह्या पान्याचंच कायतरी करू की." त्या एका वाक्यासाठी मी तिला गटप्रमुख केलं.

काम रीतसर झालं होतं. आधी लहान खड्डा घेऊन त्यात पाणी ओतून पाहिलं. मधल्या सुट्टीत भरलेलं पाणी सुट्टी संपेपर्यंत उतरलं. खाली मुरूम होता, म्हणजे जागा उत्तम. मुलांनी मोठा खड्डा खणला, तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर वाळू. नळापासून खड्ड्यापर्यंत चर काढला. तरीही हा बेडूक.

"सर, गुरुवारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः माती टाकणार," सर म्हणाले आणि भाड्याच्या कुंड्यांचा फोन करायला गेले.

सानिकाचा चेहरा पडला होता. तिने घरी आणि वस्तीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की गेटातला चिखल आम्ही घालवला. आता त्याच वस्तीसमोर खड्डा बुजणार होता.

आम्ही पाणी उपसलं आणि दगड बाहेर काढले. तळाशी करडा, लोण्यासारखा मऊ गाळ. सानिका आत उतरली. पाय घोट्यापर्यंत रुतला. तिने तो उचलला, पुन्हा टेकवला आणि एकदम वर बघितलं.

"बाई, हे तर खाचर झालंय!"

"म्हणजे?"

"दगड टाकायच्या आधी तळ भुसभुशीत व्हता. दगड नीट बसंनात. मग आमी माती टाकली, पानी सोडलं अन् तुडवलं."

"कोणी तुडवलं?"

सगळ्या वर्गाने हात वर केले. ओंकारने तर दोन्ही. "बाई, लय तुडवलं! घरी लावणीच्या टायमाला तुडवतो तसंच."

ज्यांच्या घरी भातशेती नाही, त्यांच्यासाठी सांगते. भात लावण्याआधी खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, पाणी सोडून माती तुडवतात. याला चिखलणी म्हणतात. मातीतली छिद्रं बुजतात आणि पाणी खाली न जाता रोपांच्या पायाशी उभं राहतं. मावळातल्या पोरांना पाणी आणि माती एकत्र दिसली की पाय आपोआप चालू होतात. पाणी जिरवायच्या खड्ड्यात त्यांनी पहिल्या प्रतीची चिखलणी केली होती. त्या दुपारी मी तालुक्याला प्रशिक्षणात होते. विषय होता 'कृतीतून शिक्षण'.

"आता?" मी विचारलं.

"खरवडायचं," सानिका म्हणाली. "मुरूम लागंपर्यंत. अन् ह्यो चिखल टाकायचा न्हाई. चरातनं पानी झिरपतं ना, तितं ह्यो लिपू. जितं जिरू द्यायचं न्हाई, तितं ह्यो बेस."

हे मी शिकवलेलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी मुरूम उघडा पडला. पहारीने तळ टोचला, दगड धुऊन परत भरले. चर चिखलाने लिपला, कडेला अळूचे कांदे लावले. संध्याकाळी सर आले, हातात खरंच फावडं. सानिकाने खड्ड्यात पाण्याची बादली ओतली. पाणी दगडांत शिरलं आणि दिसेनासं झालं. सरांनी आणखी एक ओतायला लावली. तीही गेली. मग फावडं भिंतीला टेकवून ते म्हणाले, "ठीक आहे. पण उद्या चुकीबिकीचं काही बोलायचं नाही."

शुक्रवारी भाड्याच्या कुंड्या आल्या, फलक आला, प्रवेशद्वारात प्लास्टिकची हिरवळही अंथरली. हरित शाळेत हिरवं काहीतरी हवंच. समितीच्या साहेबांनी हिरवळीवर फोटो काढून घेतला आणि खड्ड्यापाशी थांबून विचारलं, "हा कसा केला, बाळ?"

सर खाकरले. सानिकाने सरांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"दोनदा केला, सर. पयल्यांदा चुकला."

"का चुकला?"

तिने सांगितलं. सांगताना चप्पल काढून तुडवून दाखवलं. साहेब हसले, मग हसायचे थांबले आणि प्रश्न विचारू लागले. अळू कशाला, खरकटं कुठे अडतं, पावसाळ्यात काय करणार. पावसाळ्यात चराचं तोंड बांधावरून शेताकडे वळवणार, हे ओंकारने सांगितलं. आत मांडलेला चहा गार झाला. सत्काराच्या शाली तशाच राहिल्या. माझी मान त्या दिवशी नेहमीपेक्षा ताठ होती, हे कबूल करायला हरकत नाही.

बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळालं. त्यांच्याकडे कारंजं होतं.

आमच्याकडे गेटात चिखल नाही आणि अळूची भाजी आहे. मावशी ती आमटीत घालतात. बेडूक धरणाकडे गेला असावा. हल्ली पाहुणे आले की सरच त्यांना खड्ड्यापाशी नेतात आणि "आमची पहिली चूक इथे झाली," असं भाषणाच्या सुरात सांगतात. त्यातला 'आमची' सानिकाने त्यांना माफ केलाय. वस्तीवरच्या नळापाशी तिने आता दुसरा खड्डा काढायला घेतलाय.

मी त्यातून एवढंच शिकले: खड्डा खणून झाला, की आधी सगळ्यांना बाहेर काढावं.