सिस्टर आणि जांभळी नखं

"हात इकडे, डोळे तिकडे!"

एवढं म्हणेपर्यंत सुई टोचून झालेली असायची. पोरगं तिकडे बघून परत इकडे वळायच्या आत आमच्या सिस्टर पुढच्याचा दंड धरून मोकळ्या! मी त्यांच्या दवाखान्यात आया होते. सुया उकळून द्यायचं काम माझं. तेव्हा काचेची सिरिंज आणि पुन्हा पुन्हा त्याच सुया. बोथट झाल्या की सिस्टर स्वतः दगडावर घासून धार लावायच्या. तो खसखस आवाज शेजारच्या वस्तीत पोचला की पोरं पसार.

खोडकर पोरांच्या गोष्टी तुम्हीही वाचल्या असतील. मी शाळेत गेले नाही, दवाखान्यात रद्दीत आलेल्या पुस्तकांवर वाचायला शिकले, आणि मला त्यात ह्याच गोष्टी आवडायच्या. एकच खटकायचं. त्यांतलं कडक मोठं माणूस हटकून बावळट असतं. आमच्या सिस्टर बावळट नव्हत्या हो! म्हणून तर सांगायला बसले.

बुटक्या, ताठ. पांढऱ्या साडीला खळ इतकी, की बसल्या की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. हसणं ठाऊकच नाही. पण वस्तीतल्या एकेका पोराचं रडणं त्यांना पाठ. पाठमोऱ्या बसून म्हणायच्या, "मावशी, कोपऱ्यावरचा बंडू पडला वाटतं. गुडघा असणार." बघायला जावं तर गुडघाच!

नाशकात सिंहस्थाचं वर्ष होतं. गंगेवर माणसं लोटायच्या आधी वस्तीतल्या सगळ्यांना कॉलऱ्याची सुई द्यायचा हुकूम आला. आदल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली दोन लेकरं जुलाब-उलट्यांनी गेली होती. त्यातलं एक सिस्टरांनी मांडीवर घेऊन रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेलं, ते वाटेतच गेलं. त्यावर त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. यंदा फक्त म्हणाल्या, "मावशी, एकही पोर सुटता कामा नये."

सुई झाली की डाव्या करंगळीच्या नखाला जांभळं औषध लावायचं, ही त्यांची खूण. दंड बघून कळतंय काय? त्यावर डासांनी इतके फोड उठवलेले, की सुईचा ठिपका कुठला आणि डासाचा कुठला! यादी होती, पण एकमेकांची नावं सांगण्यात ही पोरं पटाईत.

पहिल्या दिवशी निम्मी पोरं झाली. दुसऱ्या दिवशी गेलो तर जो तो करंगळी वर करतोय. "झाली सिस्टर!" "माझी पण झाली!" बघावं ते नख जांभळं! मी खूश. म्हटलं, आज लवकर घरी.

सिस्टर बॅगच उघडेनात. एकाची करंगळी धरली, नाकाजवळ नेली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सगळ्यांनी जिभा काढा."

अहो, तेरा जिभा जांभळ्या! नाल्याकाठची जांभळं आणून नखांना चोळली होती कारट्यांनी. पण पिकलं जांभूळ हातात आल्यावर नुसतं नखाला चोळून कोण टाकून देईल, सांगा बघू? मी पोट धरून हसले. सिस्टर हसल्या नाहीत. हात इकडे, डोळे तिकडे, तेरा वेळा.

उरली सुमी. फुलवालीची पोर, दहाएक वर्षांची. नख जांभळं, हातांना वास नुसता फुलांचा, जीभ मात्र स्वच्छ गुलाबी. युक्ती हिचीच असणार, आणि बाकीच्यांना जांभळं वाटून हिने स्वतः एकही तोंडात टाकलं नसणार, हे माझ्या लक्षात आलं. पण सांगू कशी? शपथेवर सांगण्यासारखं काही नव्हतं.

"तुझी कधी झाली?" सिस्टरांनी विचारलं.

"काल."

"काल तुझं रडणं मी ऐकलं नाही."

"मी नाय रडत, सिस्टर. इचारा कुणालाबी."

आणि ते खरं होतं! ती पोर जन्मात रडली नसेल. सिस्टरांच्या कानाला तिची ओळखच नव्हती. यादीत सुमीच्या नावापुढे खूण होती, पण ती सुई कुणाच्या दंडात गेली देव जाणे. आता टोचावं, तर काल खरंच झाली असेल आणि दुप्पट औषधाने पोर तापाने फणफणेल. सोडावं, तर पावसाळा तोंडावर. सिस्टरांची नजर गल्लीतल्या एका दाराकडे गेली. ज्या घरातलं लेकरू त्यांच्या मांडीवर गेलं, ते दार.

मग ती खळीची साडी घेऊन बाई चक्क रस्त्यात उकिडव्या बसल्या. "सुमे, मी हरले. खरं काय ते सांग."

सुमीने त्यांच्या हातांकडे बघितलं. म्हणाली, "तुमची झाली का?"

"माझी?"

"नख दाखवा."

सिस्टरांचं नख पांढरंशुभ्र! झालं, पोरांनी गल्ली डोक्यावर घेतली, "सिस्टरची नाय झाली! सिस्टरची नाय झाली!" सिस्टरांचा चेहरा असा उतरला, की मला तिथल्या तिथे उलगडा झाला. इतकी वर्षं सुया देणाऱ्या बाईला सुईची भीती!

"तुम्ही घ्या," सुमी म्हणाली, "मग मी खरं सांगते."

वस्तीतून दवाखान्यापर्यंत आमची मिरवणूक! कंपाउंडरला हाक मारली. सिस्टरांनी बाही वर केली आणि सुमी पुढे होऊन खणखणीत ओरडली, "हात इकडे, डोळे तिकडे!"

"आई गं!" बाहेरचा सायकलवाला थांबला, इतक्या जोरात.

टाळ्यांचा नुसता कडकडाट. सुमीने बाटली उघडली आणि मोठ्या गंभीरपणे सिस्टरांची करंगळी रंगवली. मग आपला दंड पुढे केला. "माझी नाय झाली." टोचून घेताना हूं की चूं नाही. सिस्टरांच्या डोळ्यांत मात्र पाणी, आणि तसल्याच डोळ्यांनी त्या हसत होत्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

त्या पावसाळ्यात नाशकात पाय ठेवायला जागा नव्हती. सिस्टर रोज सकाळी गल्लीतून फिरायच्या. दारादारांत एकच प्रश्न, "कोण झोपून आहे का?" कुणी नसायचं. सिंहस्थ सरला, आमच्या वस्तीतलं एकही लेकरू गेलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांची इगतपुरीला बदली झाली. नव्या सिस्टर आल्या त्या गोड बोलणाऱ्या, सुईनंतर लिमलेटची गोळी देणाऱ्या. पोरं शहाण्यासारखी रांगेत उभी! मी सुमीला विचारलं, "काय गं, आज काही युक्ती नाही?"

"हिला फसवण्यात मजा नाय, मावशी. काय बी सांगा, खरंच मानती."

रांग थोडी पुढे सरकली. सुमी मागे वळून हळूच म्हणाली, "इगतपुरीला एष्टी जाती का?"